डॉ. जेम्स मॅकक्यून स्मिथ यांच्या घराण्याचा माग

हडसनकाठ (धागाकर्ती)

वैद्यकाची पदवी मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन डॉक्टर म्हणजे जेम्स मॅकक्यून स्मिथ. जन्म न्यूयॉर्कचा, १८ एप्रिल १८१३ चा. आई लविनिया गुलामीत होती. या मुलाने पुढे ग्लासगो विद्यापीठातून पदवी आणली, मॅनहॅटनमध्ये दवाखाना आणि औषधांचं दुकान चालवलं आणि गुलामीतून सुटलेले नामवंत वक्ते फ्रेडरिक डग्लस यांच्या बरोबरीने गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लिहिलं. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८५५ सालच्या आत्मचरित्राची प्रस्तावना यांचीच. आणि अशा माणसाच्या थडग्यावर २०१० पर्यंत नावाचा दगड नव्हता.

जुन्या नोंदींतून घराणी शोधायची मला आवड आहे, म्हणून सध्या यांचे कागद वाचतेय. हा वंशवृक्ष दोन ठिकाणी तुटलेला आहे. वर आईपाशी तो गुलामगिरीने तोडला. खाली मुलांपाशी घरच्या माणसांनीच तो सोडून दिला. मधल्या पन्नासेक वर्षांचे कागद मात्र भरपूर आहेत. म्हणून मधूनच सुरुवात करते.

न्यूयॉर्क मॅन्युमिशन सोसायटी ही गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणारी संस्था १७८५ मध्ये निघाली. दोनच वर्षांनी तिने काळ्या मुलांसाठी आफ्रिकन फ्री स्कूल सुरू केलं. जेम्स याच शाळेत होता. सप्टेंबर १८२४ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले फ्रेंच सेनानी लाफायेत शाळेला भेट द्यायला आले, तेव्हा स्वागताचं भाषण या अकरा वर्षांच्या मुलाने केलं. ते भाषण शाळेच्या इतिहासात छापलेलं आहे. नट आयरा ऑल्ड्रिज, धर्मोपदेशक हेन्री हायलंड गार्नेट आणि अलेक्झांडर क्रमेल हे सगळे याच शाळेचे विद्यार्थी. गार्नेट यांनी नंतर आठवण सांगितली आहे की शाळा सुटल्यावर जेम्स लोहाराकडे काम करायचा, एका हाताने भाता ओढायचा आणि दुसऱ्या हातात लॅटिन व्याकरण धरलेलं असायचं. शाळेचं दप्तर, त्यात मुलांची चित्रं आणि हस्ताक्षरंसुद्धा, आज न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत जपून ठेवलेलं आहे.

अमेरिकेतल्या वैद्यक महाविद्यालयांनी त्याला रंगावरून प्रवेश नाकारला. सेंट फिलिप्स चर्चचे रेव्हरंड पीटर विल्यम्स यांनी पुढाकार घेऊन पैसे उभे केले आणि १८३२ मध्ये जेम्स स्कॉटलंडला गेला. ग्लासगोहून तो १८३५ मध्ये बीए झाला, १८३६ मध्ये एमए आणि १८३७ मध्ये एमडी. वंशावळ शोधणाऱ्याला या विद्यापीठाची प्रवेशनोंदवही फार उपयोगी पडते. लॅटिनमधल्या त्या वहीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहायची पद्धत होती. आपल्या जेम्सच्या नोंदीत वडील म्हणून सॅम्युएल आहे, न्यूयॉर्कचा व्यापारी. वडील गोरे आणि आईचे मालक होते, तेच तिला दक्षिण कॅरोलिनातून न्यूयॉर्कला घेऊन आले, असं चरित्रकार सांगतात. घरात ते कधीच नव्हते. मुलाला वाढवलं ते एकट्या आईने. स्वतःच्या हिमतीवर गुलामीतून सुटलेली बाई, असं जेम्सने आईबद्दल लिहिलं आहे. ते वाचताना मला फार भरून आलं.

आता जनगणनेबद्दल, कारण माझा सगळा शोध तिच्याभोवतीच फिरतो.

१८४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे. बाकी माणसं म्हणजे वयाप्रमाणे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येऊ लागलं. गुलामांची यादी वेगळी असायची. तिच्यात मालकाचं नाव, आणि खाली गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. म्हणून दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या कुटुंबांचा माग १८७० च्या जनगणनेपाशी थांबतो, कारण त्यांची नावं पहिल्यांदा लागली ती तिथेच. स्मिथ कुटुंब न्यूयॉर्कमधलं आणि तोवर स्वतंत्र झालेलं, म्हणून ते १८५० मध्येच नावानिशी सापडतं. त्या पानावर लविनिया आहे. वय ६७, जन्म दक्षिण कॅरोलिना. म्हणजे साधारण १७८३ चा जन्म. डॉक्टर, पत्नी मॅल्विना आणि मुलं तिच्यासोबत. रंगाच्या रकान्यात सगळ्यांपुढे मिश्रवंशीय अशी खूण.

डॉक्टर १७ नोव्हेंबर १८६५ ला ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात हृदयविकाराने वारले. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबरला मंजूर झाली. तो दिवस त्यांना दिसला नाही. सायप्रेस हिल्स स्मशानभूमीत त्यांना पुरलं.

मग येते १८७० ची जनगणना. ब्रुकलिनमध्ये मॅल्विना आणि चार मुलं राहताहेत. रंगाच्या रकान्यात सगळे गोरे.

पुढे मुलांनी गोऱ्या मुलींशी लग्नं केली, शिक्षकी, वकिली, व्यापार केला, आणि घरात डॉक्टरांचा उल्लेखच थांबला. पिढ्या गेल्या. १९९० च्या दशकात त्यांच्या वंशातली एक स्त्री हंटर कॉलेजात न्यूयॉर्कच्या काळ्या समाजाचा इतिहास शिकत होती. अभ्यासात हे नाव आलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या आजीच्या घरच्या बायबलमध्ये नेमकं हेच नाव लिहिलेलं आहे. सप्टेंबर २०१० मध्ये वंशजांनी एकत्र येऊन थडग्यावर दगड बसवला. ते सगळे गोरे म्हणूनच वाढलेले.

मला सगळ्यांशी बोलायचंय ते लविनियाच्या वरच्या पिढीबद्दल. तिथून पुढे कसं जायचं? ज्यांनी दक्षिणेतले कागद पाहिले आहेत त्यांनी जरूर लिहा.

---

निशिगंध

अप्रतिम लेख. वाचनखूण साठवली आहे. एक शंका आहे. १८१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी होती? मी समजत होते की ती फक्त दक्षिणेत होती.

---

हडसनकाठ

@निशिगंध, होती, आणि चांगली घट्ट होती. न्यूयॉर्क राज्याने १७९९ मध्ये ती हळूहळू संपवायचा कायदा केला. ४ जुलै १७९९ नंतर जन्मलेलं मूल कायद्याने स्वतंत्र, पण आईच्या मालकाकडे त्याने राबायचं: मुलगा असेल तर २८ वर्षांपर्यंत, मुलगी असेल तर २५. त्याआधी जन्मलेले गुलाम गुलामच राहिले. १८१७ मध्ये दुसरा कायदा झाला आणि त्यांच्या सुटकेसाठी ४ जुलै १८२७ ही तारीख ठरली. आपली मुक्तता या कायद्यामुळेच झाली असं डॉक्टर सांगत. म्हणजे लाफायेतपुढे भाषण करणारा तो मुलगा तेव्हा अजून पुरता मोकळा नव्हता.

---

मोडीप्रेमी

ताई, तुमच्या उत्तरातच पुढची वाट आहे. १७९९ च्या कायद्यात आणखी एक कलम होतं. असं मूल जन्मलं की मालकाने नऊ महिन्यांच्या आत गावच्या किंवा शहराच्या कारकुनाकडे त्याची नोंद करायची. मूल राबायला हवं असेल तर नोंद करणं मालकाच्याच फायद्याचं होतं. अशा नोंदवह्या न्यूयॉर्क राज्यात बऱ्याच ठिकाणी टिकल्या आहेत. त्यांत मालकाचं नाव, आईचं नुसतं पहिलं नाव, मुलाचं नाव आणि जन्मतारीख मिळते. १८१३ चा एप्रिल आणि त्यानंतरचे नऊ महिने, एवढाच तुकडा बारकाईने पाहायचा.

दुसरी वाट मॅन्युमिशन सोसायटीच्या दप्तराची. मुक्ततेची पत्रं आणि तक्रारींच्या नोंदी त्यात आहेत. मालक शब्द पाळत नाही, बाईला दक्षिणेत विकू पाहतो, अशा तक्रारी सोसायटीकडे यायच्या. स्वतःच्या हिमतीवर सुटलेल्या बाईचा मागमूस लागायचा तर तो अशाच कागदांत.

सॅम्युएल स्मिथ या नावाच्या मागे मात्र एकदम लागू नका. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये या नावाची किती माणसं असतील याचा नेमच नाही. त्यापेक्षा 'मॅकक्यून' धरा. तेव्हाच्या अमेरिकेत मुलाचं मधलं नाव पुष्कळदा नातेवाइकांच्या किंवा आश्रयदात्याच्या आडनावावरून ठेवत. तसं इथे असेलच असं नाही, पण शहराच्या जुन्या निर्देशिकांत मॅकक्यून नावाचा व्यापारी स्मिथच्याच गल्लीत दिसतो का, हे पाहायला वेळ लागत नाही.

मी पुण्यात पेशवे दप्तरातले कागद वाचतो. आपल्याकडेही कुणबिणी आणि बटकी विकल्या जायच्या. त्यांच्या नोंदींत नाव असतं, वय असतं, किंमत असते. बाप कोण, गाव कोणतं, हे बहुतेक ठिकाणी गाळलेलं. म्हणून लविनियाच्या नोंदीत दक्षिण कॅरोलिना हे जन्मस्थळ वाचून मी तिथेच थांबलो. तेवढा एक शब्द मिळणंसुद्धा मोठं आहे.

---

साखरगाठ

मला एक मनापासून विचारायचंय. मुलांनी आपण कोण हे लपवलं, त्यांना तसं जगायचं होतं. दीडशे वर्षांनी आपण ते उकरून काढावं का? मॅल्विनाबाईंनी तो रकाना भरून घेतला असेल तेव्हा त्यांच्या मनात काय असेल, याचा विचार करून मला हे सगळं वाचणंही जड गेलं.

---

हडसनकाठ

@साखरगाठ, हा प्रश्न माझ्याही मनात सारखा असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मॅल्विनाबाई अशिक्षित किंवा भित्र्या नव्हत्या. रटगर्स फीमेल इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या होत्या. त्यांची कितीतरी मुलं लहानपणीच गेली. आणि १८६३ चा जुलै त्यांनी पाहिला होता. यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली आणि १३ जुलैला न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. जमावाने काळ्या माणसांना रस्त्यावर धरून मारलं, फाशी दिलं. फिफ्थ ॲव्हेन्यूवर ४३ व्या आणि ४४ व्या रस्त्यांच्या मध्ये काळ्या मुलांचा अनाथाश्रम होता. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या बायकांनी १८३६ मध्ये सुरू केलेला. डॉक्टर १८४६ पासून तिथल्या मुलांना तपासत होते. जमावाने तो लुटला आणि जाळला. २३३ मुलांना मागच्या बाजूने बाहेर काढलं म्हणून ती वाचली. त्यानंतर स्मिथ कुटुंब मॅनहॅटन सोडून विल्यम्सबर्गला गेलं. दोन वर्षांनी घरातला कर्ता माणूस गेला.

मुलांना सुरक्षित जगता यावं म्हणून त्या आईने जे केलं असेल त्याला मी कधीही नावं ठेवणार नाही.

आणि हे आपण उकरलेलं नाही. त्यांच्याच वंशातल्या माणसांनी बायबल उघडलं, कागद जुळवले आणि सगळ्यांसमोर दगड बसवला. त्यांनी नाव परत घेतलं आहे, तेव्हा आपण ते उघडपणे उच्चारू शकतो. जिवंत माणसांची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत आणि प्रतिसादांतही कुणी लिहू नयेत ही विनंती.

---

वैद्य_सातारकर

मी व्यवसायाने डॉक्टर. या माणसाबद्दल मला आमच्या पूर्ण शिक्षणात कुणी एक वाक्य सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. त्यांच्या वैद्यकाबद्दल थोडी भर घालतो.

त्यांचं दुकान ९३ वेस्ट ब्रॉडवेवर. रुग्ण काळेही होते आणि गोरेही. अफूचा मासिक पाळीवर होणारा परिणाम यावर त्यांचा लेख १८४४ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. १८४७ मध्ये न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, ते रंगावरून अडवलं. याच संस्थेने २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर सदस्यत्व दिलं आणि त्या वेळी वंशज हजर होते. ग्लासगो विद्यापीठाने २०२१ मध्ये उघडलेल्या आपल्या नव्या मोठ्या इमारतीला त्यांचं नाव दिलं.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं १८४० च्या जनगणनेवरचं काम. त्या जनगणनेत पहिल्यांदा वेड्यांची मोजणी वंशाप्रमाणे केली, आणि निष्कर्ष असा आला की उत्तरेतल्या स्वतंत्र काळ्या लोकांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी जास्त. मेन राज्यात म्हणे दर १४ काळ्या माणसांत एक वेडा. परराष्ट्रमंत्री कॅल्हून यांनी १८४४ मध्ये हेच आकडे दाखवून सांगितलं की स्वातंत्र्य या लोकांना सोसत नाही. स्मिथ आणि मॅसॅच्युसेट्सचे डॉ. एडवर्ड जार्विस यांनी मूळ तक्ते गावागावाने तपासले. वुस्टर गावात १३३ काळे वेडे दाखवले होते. प्रत्यक्षात ते तिथल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळातले गोरे रुग्ण होते, चुकीच्या रकान्यात पडलेले. मेनमधल्या स्कारबरो गावात काळी वस्ती शून्य, आणि काळे वेडे सहा! स्मिथ यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, सिनेटला निवेदन गेलं. सरकारने आकडे दुरुस्त केले नाहीत.

ताई, तुमच्या धाग्याशी याचा संबंध मला फार जवळचा वाटतो. जनगणनेच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका, हे ज्या माणसाने देशाला सिद्ध करून दाखवलं, त्याचंच कुटुंब तीस वर्षांनी रकाना बदलून दिसेनासं झालं.

---

हडसनकाठ

@वैद्य_सातारकर, मनापासून आभार. स्कारबरोची नोंद वाचून अंगावर काटा आला. शोधणाऱ्यांसाठी यातला धडा असा की रंगाचा रकाना म्हणजे त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या गणकाला जे वाटलं किंवा सांगितलं गेलं ते. शोधताना संगणकावर 'काळे' अशी चाळणी लावली असती तर १८७० ची मॅल्विना मला कधीच दिसली नसती. नाव, वय, जन्मस्थळ आणि मुलांचा क्रम, या चार गोष्टी जुळवाव्यात आणि रंग शेवटी पाहावा.

---

फुलगाव

वाचतोय. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं. ते त्यांनी अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं आहे. डॉ. स्मिथ जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेतली ती चांगली माणसं कोण, असा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. माझ्यासाठी आता त्यांत एक नाव कायमचं जोडलं गेलं, आणि हा माणूस तर स्वतः गुलामीत जन्मलेला.

डॉक्टरांची खासगी पत्रं कुठे मिळतात का?

---

हडसनकाठ

@फुलगाव, तुमचा प्रतिसाद वाचून मीही अर्पणपत्रिका पुन्हा वाचली.

पत्रं मिळतात. गेरिट स्मिथ नावाचे एक धनाढ्य गोरे सुधारक न्यूयॉर्क राज्यात होते. आडनाव एकच असलं तरी नातं नव्हतं. त्यांनी १८४६ मध्ये ॲडिरॉन्डॅक डोंगराळ भागातली सुमारे १,२०,००० एकर जमीन ३,००० गरीब काळ्या माणसांना वाटायचं ठरवलं, कारण काळ्या माणसाला मत द्यायचं तर त्याच्याकडे २५० डॉलरची मालमत्ता हवी अशी अट होती. गोऱ्यांना अशी अट नव्हती. जमीन कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या विश्वस्तांत आपले डॉक्टर होते. दोघांची मैत्री जुळली आणि पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. ती पत्रं सिरॅक्यूज विद्यापीठात गेरिट स्मिथ यांच्या कागदपत्रांत आहेत. त्यांत राजकारण तर आहेच, पण लहान मुलं गमावलेल्या बापाचं दुःखही आहे. कुटुंबाची माहिती हवी असेल तर पुरुषांच्या राजकीय पत्रांचा शेवटचा परिच्छेद चुकवू नये. घरची खबर तिथेच लिहिलेली असते.

---

मोडीप्रेमी

दक्षिण कॅरोलिनासाठी एक सुचवतो. तिथे माणूस वारला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची आणि तिच्यात गुलामांची पहिली नावं किमतीसकट लिहायचे. चार्ल्सटन भागातल्या अशा जुन्या याद्या त्या राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरातल्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि खूपशी पानं घरबसल्या पाहता येतात. लविनिया हे नाव तिथल्या इतर नावांइतकं सर्रास नसावं असा माझा अंदाज आहे, त्यामुळे शोध आवाक्यात राहील. नाव सापडलं की त्या यादीत तिच्या वर-खाली कोणाची नावं आहेत तेही उतरवून घ्या. आई आणि तान्हं मूल पुष्कळदा लागोपाठ लिहिलेलं असतं.

सध्याचे वंशज डीएनए चाचणी करून दक्षिणेतल्या एखाद्या कुटुंबाशी जुळले तर काम फार सोपं होईल, पण तो निर्णय पूर्ण त्यांचा.

---

निशिगंध

सेंट फिलिप्स चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहिल्यात का? डॉक्टर तिथलेच होते ना?

---

हडसनकाठ

@निशिगंध, हो, ते तिथल्या कारभारी मंडळातही होते. मुलांच्या जन्मांचा क्रम त्या वह्यांवरूनच नीट लावायचा आहे. लहानपणी गेलेल्या मुलांची नावंही तिथेच मिळतील, कारण दहा वर्षांनी एकदा होणाऱ्या जनगणनेत ती आलीच नाहीत.

@मोडीप्रेमी, तुम्ही सांगितलं तसं आधी १८१३ ची जन्मनोंद पाहते, कारण तिथे मालकाचं नाव पक्कं झालं तर कॅरोलिनातलं घराणं ठरवता येईल. मग १७८३ ते १८१३ या काळातल्या चार्ल्सटनच्या याद्या घेईन. 'लविनिया' असलेली प्रत्येक यादी, शेजारच्या नावांसकट, याच धाग्यावर टाकत जाईन. जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी कृपया कळवा, पानं वाटून घेऊ.

---

वैद्य_सातारकर

मला द्या. आजारांची आणि मृत्यूच्या कारणांची जुनी नावं असतील ती मी पाहतो.